चार चुलींची पत

घाटाखाली आडपेठ नावाचं एक बाजाराचं गाव होतं. तिथे सटवाजी नावाचा एक टाकीवाला बायकोला घेऊन राहायला आला, आणि आल्या दिवशीच त्याचं डोकं चक्रावलं. ते पुढे कधीच पुरतं ताळ्यावर आलं नाही, हे आधीच सांगून टाकतो. मागाहून म्हणाल, सांगितलं नाही.

टाकीवाला म्हणजे काय ते आधी बघू. जातं वापरून वापरून गुळगुळीत होतं. मग दाणा नुसता गोल गोल फिरतो, दळला काही जात नाही. अशा वेळी छिन्नी-हातोडीने दगडावर बारीक खाचा पाडणारा माणूस लागतो. तो टाकीवाला. आडपेठेत घरोघरी पापड होत. पापड म्हटले की उडीद आले, आणि उडीद म्हटले की जातं आलं. म्हणून सटवाजीने ठरवलं, पाठीवर संसार घेऊन गावोगाव भटकण्यापेक्षा इथेच बिऱ्हाड करावं. शिवाय बायको मैना गरोदर होती. तिचे दिवस भरत आले होते. बाळ उघड्यावर जन्मायला नको, एवढीच तिची मागणी होती, आणि ती काही फार मोठी नव्हती.

सटवाजी माणूस सरळ होता. चोरी नाही, लबाडी नाही, विडीसुद्धा नाही. पण एका गोष्टीचा त्याला भारी अभिमान होता. त्याने जन्मात कोणाकडून काही उसनं घेतलं नव्हतं. घरात मीठ संपलं तर अळणी जेवायचं, पण वाटी घेऊन शेजारी जायचं नाही. "आपण कोणाचे मिंधे नाही," असं तो दिवसातून एकदा तरी म्हणे. ऐकायला मैनाच असे. ती बिचारी मान डोलवे आणि अळणी आमटी गिळे.

गावात आल्यावर दोघं धर्मशाळेत उतरले. धर्मशाळा सांभाळणारा जनोबा म्हणाला, "राहा खुशाल. पण बैलबाजार भरला की जागा सोडावी लागेल. व्यापारी येतात, त्यांची जनावरं येतात. मग इथे उभं राहायलाही जागा नसते."

सटवाजी लगेच खोली शोधायला निघाला. धर्मशाळेच्या समोरच अंबूआत्याचं घर होतं. अंबूआत्या विधवा बाई, पापडाचा धंदा करणारी, जिभेने तिखट. तिच्या घरामागे एक खोली रिकामी होती. भिंती पक्क्या, कौलं नवी, दाराशी तुळस. सटवाजीने बाहेरूनच खोली पाहिली आणि त्याला ती आवडली.

"माणसं किती?" अंबूआत्याने विचारलं.

"दोन. लवकरच तीन."

"बरं. भाडं तू देशील, हात कामाचे दिसतायत तुझे. आता चार चुली सांग."

"चुली? कसल्या चुली?"

अंबूआत्याने त्याला गावची रीत सांगितली. आडपेठेत परक्या माणसाला खोली द्यायची तर चार घरांची ग्वाही लागे. त्या घरांनी म्हणायचं, 'हो, आमच्या चुलीवरून याच्या चुलीला उसनं गेलेलं आहे. हा माणूस आम्हाला माहीत आहे.' घरं जुन्या गावची असली तरी चालत. बाजाराला कुठल्या ना कुठल्या गावचं माणूस येईच, त्याला विचारलं की काम झालं. यालाच तिथे पत म्हणत. ज्याला चार चुली नाहीत, त्याची पत नाही, आणि ज्याची पत नाही त्याला खोली नाही.

सटवाजीची छाती फुगली. तो म्हणाला, "आत्या, माझी एकसुद्धा चूल नाही. मी आजवर कोणाकडून काही घेतलेलंच नाही!"

आता आत्या आपली पाठ थोपटणार, असं त्याला वाटलं. आत्याने कपाळावर हात मारला.

"अरे देवा! म्हणजे तुझी पतच नाही?"

"नाही कशी? मी कोणाचं मिठाच्या खड्याइतकं देणं लागत नाही!"

"तेच म्हणतेय मी. तुला आजवर कोणी मिठाचा खडासुद्धा दिला नाही, आणि मी अख्खी खोली देऊ?"

आत्या आत निघून गेली, तिचे पापड वाळत होते.

तो दुसऱ्या घरी गेला. तिथेही चार चुली. तिसऱ्या घरीही तेच. एका घरमालकाने तर दार अर्धं उघडून विचारलं आणि पुरतं लावून घेतलं. बरं, त्याच गल्लीत हैबती नावाचा एक माणूस राहत होता. त्याच्या घरात स्वतःचं असं काही नव्हतं. शिडी एकाची, कुऱ्हाड दुसऱ्याची, छत्री तिसऱ्याची. आणि त्याची खोली गल्लीतली सगळ्यांत चांगली, हवेशीर, विहिरीजवळची!

सटवाजीने तिथल्या घरमालकाला विचारलं, "अहो, याला खोली दिलीत आणि मला नाही?"

"हैबतीला चार काय, चाळीस चुली आहेत," घरमालक म्हणाला. "उशीर करतो मेला, शिव्या खातो, पण वस्तू परत येते. आम्हाला ठाऊक आहे तो कसा आहे. तू कसा आहेस, कोणाला ठाऊक?"

हे ऐकून सटवाजी धर्मशाळेत येऊन मटकन बसला. "मैने," तो म्हणाला, "या गावात उलटंच आहे सगळं. घेतो त्याची पत, न घेणारा चोर."

जनोबा कोपऱ्यात सुपारी कातरत होता. तो म्हणाला, "त्यात एवढं काय? घे की तूही उसनं. चार घरांतून घे, परत दे. झाल्या चार चुली."

सटवाजीला हे पटलं नाही, पण बैलबाजार जवळ येत होता आणि मैनाला आता खाली बसून उठताना हात द्यावा लागत होता. मनाचा हिय्या करून तो दुसऱ्या दिवशी उसनं मागायला निघाला. आणि इथूनच खरा गोंधळ सुरू झाला.

रखमा लोहारणीकडून त्याने वाटीभर पीठ आणलं. धर्मशाळेत येऊन त्याने ते नीट पाहिलं. मग स्वतःच्या पिठाने तेवढीच वाटी भरली, वर बोट फिरवून सपाट केली, आणि निघाला परत द्यायला.

मैना म्हणाली, "अहो, वर चिमूटभर जास्त घाला. निदान गुळाचा खडा तरी ठेवा."

"का? पीठ घेतलं, पीठ दिलं. गूळ कशाचा?"

"रीत असते."

"आपण कोणाचे मिंधे नाही, आणि कोणाला मिंधं करणारही नाही," सटवाजी म्हणाला आणि बोटाने पुन्हा एकदा वाटी सपाट केली.

गोपिकाबाईकडून त्याने काठवट आणली, ती न वापरताच घासूनपुसून लख्ख करून रिकामी परत केली. आता तुम्हाला-आम्हाला ठाऊक आहे, शेजारचं भांडं रिकामं परत धाडू नये. चार शेंगा टाकाव्यात, भाजीची काडी टाकावी, काहीतरी टाकावं. सटवाजीने काही टाकलं नाही. तिसऱ्या घरून शिडी आणली, ती तर मालक पाठ फिरवून घरात जातो न जातो तोच परत दारात आणून टेकवली. चौथ्या घरून चाळणी आणली आणि दिली. सूर्य मावळायच्या आत सगळं फेडून तो मोकळा झाला, आणि हात झटकून म्हणाला, "झाल्या चार चुली!"

पण विहिरीवर बायका काही वेगळंच बोलत होत्या.

"अगं, माझ्या पिठाला बोट लावून सपाट केलंन. जसं काही मी मोजून घेणार होते!" रखमा म्हणाली.

"माझी काठवट कोरडीच आली. मळायला नव्हती न्यायची तर नेली कशाला?" गोपिकाबाई म्हणाली. "घर बघायला आला होता की काय?"

"मी सांगते," तिसरी म्हणाली. "माझा दीर गाव सोडून गेला ना, तेव्हा असाच घरोघर फिरून सगळ्यांचं चुकतं करत होता. हा माणूस राहणारा नाही. हा जाणारा आहे."

झालं! दुसऱ्या दिवशी सटवाजी ऐटीत अंबूआत्याच्या दारात गेला. "आत्या, चार चुली झाल्या. कोणाचं काही ठेवलं नाही. दिवसाच्या आत फेडलं."

"ऐकलं मी," आत्या म्हणाली. "म्हणूनच खोली देत नाही."

"अहो आत्या, हा काय न्याय झाला?" सटवाजी रडकुंडीला आला. "घेतलं नाही तर पत नाही म्हणता. घेऊन बुडवलं असतं तर पत गेलीच असती. आता घेऊन चोख परत केलं, तरी पत नाही! मग माणसाने करायचं तरी काय?"

"ते मला सांगता येत नाही बाबा," आत्या म्हणाली. तिलाही खरंच सांगता येईना. "पण तू असा वागतोस जसा उद्या गाडीत बसणार आहेस. आज खोली देईन, उद्या तू नसशील. माझं मन होत नाही."

सटवाजी परत आला. मैनाला काय सांगावं ते त्याला कळेना. म्हणून तो छिन्नीला धार लावत बसला.

असे दिवस जात राहिले आणि बैलबाजार येऊन ठेपला. पहाटेपासूनच गाड्या लागल्या. धर्मशाळेचं अंगण बैलांनी भरलं. सगळीकडे धूळ, हंबरणं, व्यापाऱ्यांचा आरडाओरडा. जनोबा कानकोंडा होऊन म्हणाला, "सटवाजी, माझा नाइलाज आहे रे. दुपारपर्यंत सामान काढ." सटवाजीने गाठोडं बांधलं आणि मैनाला म्हणाला, "चल."

मैना उठली नाही. तिने भिंतीला धरलं होतं, चेहरा घामाने भिजला होता. "अहो," ती म्हणाली, "आता मला चालवत नाही. वेळ झाली. कोणाला तरी बोलवा."

सटवाजी धावत बाहेर गेला आणि रस्त्याच्या मधोमध थांबला.

आता बघा माणसाचं डोकं! आत बायको कळा देतेय, दोन पावलांवर बैल शिंगं हलवतायत, आणि हा विचार करतोय, की सुईण बोलावली तर तिचं देणं कसं फेडू? गरम पाणी कोणाकडून आणू, आणि ते परत कसं देऊ? चांगला बडवावासा वाटतो असा माणूस. पण तो घाबरला होता हो. सगळा जन्म ज्याने कोणापुढे हात पसरला नाही, त्याला हात पसरायचा कसा हेच माहीत नव्हतं.

तेवढ्यात मैना ओरडली. भर बाजारात, एवढ्या गलक्यातसुद्धा त्याला ते ऐकू आलं. मग त्याचे पाय आपोआप अंबूआत्याच्या दाराकडे पळाले.

"आत्या!" तो म्हणाला. "आत्या, मैना... मला द्या."

"काय देऊ?"

"असेल ते द्या. माझ्याकडे परत द्यायला काही नाही. काहीसुद्धा नाही." आणि तो दारातच रडायला लागला.

अंबूआत्याने हातातलं लाटणं टाकलं. तिने एकदा गल्लीच्या दिशेने हाक मारली, आणि काय सांगू, त्या तिखट जिभेच्या बाईच्या हाकेला गल्लीतली प्रत्येक बाई बाहेर आली. गोपिकाबाईने चुलीवरचं आधण तसंच उचलून आणलं. रखमा लोहारीण बाळंतपणात तरबेज होती, ती पदर खोचून पुढे झाली. हैबती एक बाज डोक्यावर घेऊन आला. ती बाज त्याची नव्हतीच. कोणाची, ते त्यालाही आठवेना. त्या बाजेवर मैनाला घातलं, चौघांनी बाज उचलली आणि बैलांच्या गर्दीतून वाट काढत अंबूआत्याच्या मागच्या खोलीत नेली. बाजार उठायच्या आत तिथे मुलगी झाली. मैना सुखरूप होती. सटवाजी बाहेर भिंतीला टेकून बसला होता.

तुम्हाला वाटेल, संपली गोष्ट. छे! सुंभ जळाला तरी पीळ जात नाही.

मुलीची पाचवी झाल्यावर सटवाजी उठला आणि देणी फेडायला निघाला. आधणाच्या बदल्यात गोपिकाबाईच्या जात्याला फुकट टाकी लावून दिली. तिने 'बरं' म्हटलं, पण तोंड पाडलं. मग तो रखमाकडे गेला.

"तुम्ही बाळाला गुंडाळायला लुगडं फाडलंत," तो म्हणाला. "त्याची किंमत सांगा. पैसे देतो."

रखमा भाकरी थापत होती. तिचा हात थांबला.

"माझ्या आईचं लुगडं होतं ते," ती म्हणाली. "सगळ्यांत मऊ होतं म्हणून फाडलं. कर त्याचा भाव. किती देतोस सांग!"

सटवाजीने कनवटीकडे नेलेला हात मागे घेतला.

"ऊठ इथून," रखमा म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "चांगलं काही केलं तर त्याचे पैसे फेकतो मेला."

तो तिथून उठला आणि मान खाली घालून अंबूआत्याकडे गेला. तो ओसरीवर बसला. आत्या पापड उलटत होती.

तो म्हणाला, "आत्या, रखमाच्या लुगड्याचं देणं फिटत नाही. तिच्या सुईणपणाचं फिटत नाही. बाज कोणाची तेच कळत नाही, तर परत कोणाला देऊ? आणि तुमची खोली आहेच. एवढ्या सगळ्यांचं देणं डोक्यावर घेऊन माणसाने झोपायचं कसं?"

"आम्ही झोपतोच की," आत्या म्हणाली.

सटवाजीने मान वर केली.

"माझ्या लग्नाचा स्वयंपाक करताना रखमाच्या सासूने हात भाजून घेतला होता. ते कुठे फेडलं मी? गोपिकेचा मुलगा तापाने फणफणला तेव्हा मी तिच्या घरी राहिले, ते तिने कुठे फेडलं? सगळ्यांचं सगळ्यांवर आहे. कोणाचं किती, ते देवालासुद्धा सांगता येणार नाही." तिने एक पापड उलटला. "खोली तुला दिली. भाडं महिन्याच्या महिन्याला दे, त्यात हयगय नको."

"पण माझी पत?" सटवाजी म्हणाला. "मी तर यातलं काहीच परत केलेलं नाही!"

"म्हणून तर. आता तू कुठे जाणार?"

सटवाजीने डोकं खाजवलं. त्याला अर्धं कळलं, अर्धं नाही. पण एवढं कळलं, की आता इथून कोणी त्याला हाकलणार नाही, आणि त्याला फार बरं वाटलं.

संध्याकाळी मैनाने खोलीत तीन दगड मांडून चूल केली. आगपेटी नव्हती. ती म्हणाली, "रखमाबाईंकडून विस्तव आणा."

"रखमाकडूनच?"

"तिच्याकडूनच."

सटवाजी रखमाच्या दारात जाऊन उभा राहिला. सकाळचा राग तिच्या तोंडावर तसाच होता. त्याने दोन्ही हात पुढे केले आणि म्हणाला, "रखमाबाई, चुकलं माझं. पहिली चूल पेटवायचीय. विस्तव द्या."

रखमाने त्याच्याकडे पाहिलं. मग चुलीतला एक धगधगीत निखारा गोवरीच्या तुकड्यावर ठेवला आणि त्याच्या हातात दिला. "हा परत..." असं सटवाजी सवयीने म्हणायला गेला. पण निखारा परत कसा देणार? त्याने तोंड मिटलं, आणि विस्तव विझू नये म्हणून फुंकर घालत तो भराभरा घरी गेला.

तात्पर्य: घेतलेलं परत करावं, हे खरंच, पण ज्याला कोणापुढे हात पसरता येत नाही, त्याच्या हातावर कोणी भरवसा ठेवत नाही. थोडं देणं, थोडं घेणं आणि थोडं न फिटणारं अंगावर बाळगून माणसांत राहावं, पत त्यातूनच वाढते.